इटलीला स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्यांसाठी (माळकरी सासूबाई सोबत असतील तर जरूर वाचा)

कुरडई

नमस्कार मंडळी,

गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघं इटलीत तेरा रात्री काढून आलो. मी, नवरा, सासूबाई (वय ६८, गळ्यात तुळशीची माळ) आणि सासरे (वय ७३, एक गुडघा बदललेला). टूर कंपनीबरोबर गेलो नाही, सगळं घरी बसून ठरवलं. रोम पाच रात्री, फ्लॉरेन्स चार, व्हेनिस दोन, मिलान दोन. जाण्याआधी मी याच साईटवरचे जुने धागे चाळले होते, पण त्यात फोटो भरपूर आणि कामाची माहिती चिमूटभर. म्हणून हा धागा. इथे एकही फोटो मिळणार नाही, आधीच सांगते.

माझा अनुभव एवढाच की तिथे मोठ्या गोष्टी अडत नाहीत. विमान, हॉटेल, गाडी सगळं आपण डोळ्यांत तेल घालून बुक करतो. चाट बसते ती असल्या बारीकसारीक नियमांनी, जे तिथल्या पोराटोरांना ठाऊक असतात आणि आपल्याला कुणी सांगत नाही.

आमचंच घ्या. फ्लॉरेन्सहून पिसाला जायला लोकल गाडी. मशिनमधून चौघांची कागदी तिकिटं काढली, गाडीत बसलो, सासऱ्यांनी खिडकी पकडली. एम्पोली गेल्यावर टीसी आली. तिकीट उलटं केलं, सुलटं केलं आणि विचारलं, शिक्का कुठाय? कसला शिक्का? तर लोकल गाडीच्या कागदी तिकिटावर चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रात तारीख-वेळ छापून घ्यायची असते. ती नसेल तर तिकीट असून नसल्यासारखं, कारण तेच तिकीट तुम्ही उद्या पुन्हा वापराल. सासरे रेल्वेतूनच निवृत्त झालेले. ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं." चौघांचा मिळून जो दंड झाला त्यात एका रात्रीचं हॉटेल आलं असतं.

तर:

लोकल म्हणजे रेजिओनाले आणि रेजिओनाले वेलोचे. यांना शिक्का लागतो. यंत्र बंद असेल तर तिकिटावर पेनाने तारीख, वेळ, स्टेशन लिहा आणि चढल्याबरोबर स्वतःहून टीसीला गाठा, तो शोधत येईपर्यंत थांबू नका. फोनवर तिकीट काढलं तर शिक्का नाही, पण चढण्याआधी त्यातलं चेक-इनचं बटण दाबायचं, तेही विसरायचं नाही. फ्रेच्चारोस्सा, इतालो या वेगवान गाड्यांना यातलं काही नाही, त्यांच्यावर आसन आणि वेळ छापलेली असते. लोकलचं भाडं आज काढा की महिनाभर आधी, तेवढंच. वेगवान गाड्यांचं मात्र विमानासारखं, जितकं आधी तितकं स्वस्त, आणि सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

स्टेशनवर फ्लॉरेन्स शोधत बसू नका, पाटीवर फिरेन्झे असतं. व्हेनिस म्हणजे वेनेझिया, नेपल्स म्हणजे नापोली. बिनारियो म्हणजे फलाट, रितार्दो म्हणजे उशीर, सोप्प्रेस्सो म्हणजे गाडी रद्द. हा शेवटचा शब्द मी स्टेशनावर उभं राहून शिकले.

बाकीचं तुम्ही विचाराल तसं सांगते.

अर्धवटराव

वाचनखूण साठवली. मे महिन्यात जायचं घाटतंय. व्हिसाचं सांगा ना. आमच्या एजंटाने इतके कागद मागितलेत की सातबारा तेवढा राहिलाय.

कुरडई

@अर्धवटराव, सातबाराही लावतात हो लोक, जमीन आहे म्हणजे माणूस परत येणार असं दाखवायला. :)

आम्ही मुंबईच्या केंद्रातून केला. शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, आमच्या नणंदेला फेब्रुवारीत शोधूनही एप्रिलची मिळाली. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी. दोन-तीन देश करणार असाल तर जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. स्वित्झर्लंडला पाच आणि इटलीला चार रात्री असताना इटलीकडे अर्ज केला की तो परत येतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवसागणिक कार्यक्रम आणि हॉटेलं एकमेकांशी जुळली पाहिजेत. आमच्या पहिल्या कागदात एक रात्र हवेतच होती, हॉटेलही नाही आणि गाडीही नाही. नवऱ्याने पकडली.

मिलानोतला_मामा

कुरडईताई, छान लिहिलंय. मी इथे अकरा वर्षं आहे, थोडी भर घालतो.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी सुरू झालीय. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. त्यामुळे पुढे गाडी पकडायची असेल तर विमानतळावर हाताशी वेळ ठेवा. हे व्हिसाच्या ऐवजी नाही, व्हिसा असतोच, हे वरचं. आणि ती ऑनलाईन परवानगी का काय येणार म्हणतात ती व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या लोकांसाठी आहे. आपल्याला व्हिसा लागतो त्यामुळे तिचा आपल्याशी संबंध नाही. त्या नावाने पैसे मागणाऱ्या साईटवर कार्डाचा नंबर टाकू नका.

दुसरं, संप. इथल्या भाषेत शोपेरो. शुक्रवारी हमखास. आपल्यासारखं अचानक 'बंद' नसतं, आधी जाहीर करतात आणि वाहतूक मंत्रालयाच्या साईटवर यादी लागते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात काही लोकल गाड्या चालवाव्याच लागतात, कायदा आहे. मी तर पाहुण्यांना सांगून ठेवतो, परतीच्या विमानाच्या दिवशी दुसऱ्या गावातून निघू नका. आदल्या रात्री विमानतळाच्या गावी येऊन झोपा.

तिसरं, ऑगस्टच्या मध्यावर येऊ नका. १५ ऑगस्टला इथे फेर्रागोस्तो. अख्खं मिलान कुलूप लावून समुद्रावर जातं, उरतात ते आपल्यासारखे पाहुणे आणि ऊन.

घाटावरची_मनी

तुळशीची माळ आणि तेरा रात्री! त्यांनी खाल्लं काय ते आधी सांगा. आमच्या आई अंडंसुद्धा चालत नाही म्हणून युरोपचं नाव काढू देत नाहीत.

कुरडई

@मनी, याच प्रश्नाची वाट पाहत होते.

पहिली गोष्ट, इटलीत 'व्हेजिटेरियन' म्हटलं की समोरचा मासा आणतो असं मला कुणीतरी घाबरवलं होतं. तसं काही झालं नाही. पण शब्दावर विसंबू नये, पदार्थ सांगावा. मी एका कार्डावर लिहून नेलं होतं: सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा. मांस नको, मासे नको, अंडं नको. त्याखाली ब्रोदो म्हणजे मांसाचं पाणी आणि स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी, या दोन्हींवर काट मारलेली. सूपमध्ये ब्रोदो असतो आणि पियादिना नावाच्या भाकरीसारख्या पोळीत पूर्वापार स्त्रुत्तो घालतात, हल्ली तेलाचीही मिळते.

सुका पास्ता, म्हणजे पुड्यातला, सहसा नुसता गहू आणि पाणी. ताजा पास्ता, विशेषतः बोलोन्या भागातला पिवळा, त्यात अंडं. म्हणजे आपल्याला 'ताजं ते चांगलं' वाटतं तिथे उलटं. तिरामिसूत अंडं असतंच. जेलातोत, म्हणजे तिथल्या आईस्क्रीममध्ये, फळांचे सोर्बेत्तो घेतले की दूध-अंड्याचा प्रश्न बहुतेक मिटतो.

मग आलं चीज. इथे माझी विकेट पडली.

पार्मातली_परी

मी सांगू का? मी पार्मालाच शिकते. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो यात दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात. नियमच तसा आहे, दुसरं काही घातलं तर त्या नावाने विकता येत नाही. पेकोरिनो रोमानोला कोकराचं. म्हशीच्या मोझ्झारेल्लालासुद्धा वासराचंच. म्हणजे काटेकोर पाळायचं तर किसलेलं पांढरं काहीही वरून घेऊ नका.

आणि गंमत म्हणजे या पार्मिजानोच्या गोठ्यांत राबणारे हात पुष्कळसे पंजाबी आहेत. पो नदीच्या खोऱ्यात गाई सांभाळायला शीख कुटुंबं कधीपासून वसली आहेत. नोव्हेलाराला मोठा गुरुद्वारा आहे, तिथे लंगरात मला दोन वर्षांनी नीट वरण मिळालं, म्हणजे दाल, पण त्या दिवशी मी त्याला वरणच म्हटलं.

कुरडई

@परी, हेच मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर सासूबाईंनी दोन दिवस काचो ए पेपे, म्हणजे पेकोरिनो-मिऱ्याचा पास्ता, चवीने खाल्लेला. मी रात्रभर विचार केला, सांगू की नको. सकाळी सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अजाणतेपणी झालं. आता जाणतेपणी नको." त्यानंतर त्यांचा नेम ठरला: पिझ्झा मारिनारा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, चीज औषधालाही नाही. हा मेनूतला सगळ्यात स्वस्त पिझ्झा असतो, हे सासऱ्यांना फार आवडलं. त्याशिवाय आल्यो ए ओल्यो म्हणजे लसूण-तेलाचा पास्ता, भाजलेल्या भाज्या, ब्रेड, आणि सप्टेंबर असल्याने अंजिरं-द्राक्षं. एकादशी आली ती अंजिरांवर निभावली. घरून साबुदाणा नेला होता, पण खोलीत कूट करायला काही नव्हतं.

पुणेरी_पाटी

खाण्यासाठी जर एवढी कसरत तर जायचं कशाला हा प्रश्न मी विचारणार नाही. (विचारला.)

घाटावरची_मनी

@पुणेरी_पाटी, तुम्ही नका जाऊ. रांग तेवढीच कमी.

तिसरीघंटा

घरून नेण्याबद्दल एक सावधगिरी. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. यात सूट फक्त पाच फळांना: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे नारळ नेऊ शकता पण त्या नारळाच्या चटणीला लागणारी मिरची-कढीपत्ता नाही! आंब्याची पेटी तर विसराच. लाडू न्यायचा तर तुपाचा मुद्दा येतोच, आमच्या काकूंनी शेंगदाणा-गुळाचे नेले.

चकली, चिवडा, थालीपीठाची भाजणी, कोरड्या चटण्या बिनधास्त.

अर्धवटराव

ड्युरियन! विमानात शेजारचा माणूस उतरून जाईल.

वयस्कर माणसांसाठी चालण्याचं काय? माझे वडील पायऱ्या चढू शकत नाहीत.

कुरडई

याला मोठं उत्तर देते, कारण आमचा अर्धा कार्यक्रम सासऱ्यांच्या गुडघ्याने ठरवला.

रोममधले रस्ते म्हणजे काळ्या दगडी ठोकळ्यांची फरसबंदी. पावसात निसरडी आणि एरवी चाकांची शत्रू. आमच्या एका बॅगेचं चाक दुसऱ्याच दिवशी निखळलं. मोठी बॅग नेऊच नका, मध्यम दोन न्या. व्हेनिसमध्ये तर चारशेच्या वर पूल, आणि पूल म्हणजे चढायच्या पायऱ्या आणि उतरायच्या पायऱ्या. तिथे हॉटेल एकतर सांता लुचिया स्टेशनच्या पलीकडे न जाता घ्या, नाहीतर बोटीच्या थांब्याला अगदी लागून. बोटीचं, वापोरेत्तोचं, एक तिकीट आम्ही गेलो तेव्हा साडेनऊ युरो, पंचाहत्तर मिनिटं चालतं. दिवसभराचा पास काढा.

फ्लॉरेन्सच्या घुमटाला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. व्हॅटिकनच्या घुमटाला ५५१, लिफ्ट घेतली तरी उरतात ३२०. दोन्ही आम्ही खालून पाहिले आणि काही बिघडलं नाही. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे. सेंट पीटर्स चर्चमध्ये जायला पैसे नाहीत, फक्त तपासणीची रांग, ती सकाळी सातला नसल्यातच जमा.

स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाची मदतसेवा आहे, फुकट. आदल्या दिवशी तरी कळवायचं. व्हीलचेअर, आणि जुन्या उंच डब्यात चढायला उचलणारं यंत्र. मिलानला आम्ही ती घेतली. सासरे आधी नको नको म्हणत होते, मग त्या पोराशी खुणांनी गप्पा मारत सगळ्यात आधी डब्यात.

मेट्रोचं एक: रोममध्ये तिकीट दीड युरो, १०० मिनिटं, पण त्यात मेट्रोचा एकच प्रवास. बाहेर पडून पुन्हा आत गेलात तर नवीन. कार्ड टेकवूनही जाता येतं, प्रत्येकाचं कार्ड मात्र वेगळं हवं.

विमानतळाहून टॅक्सी: फ्युमिचिनो ते रोमच्या जुन्या तटबंदीच्या आत ठरलेलं भाडं, ५५ युरो, सामानासकट, चौघांचं मिळून. चौघं असाल तर तीच बरी. गाडीने लिओनार्दो एक्सप्रेस माणशी १४ युरो, ३२ मिनिटं. म्हणजे चौघांचे ५६ आणि तेरमिनी या रोमच्या मुख्य स्टेशनाहून पुन्हा पायपीट. एकटे-दुकटे असाल तर गाडी. आणि विमानतळाच्या आत येऊन "टॅक्सी? टॅक्सी?" करणाऱ्याकडे बघूही नका, पांढरी गाडी रांगेतूनच घ्यायची.

सोनकेळ

पाण्याच्या बाटल्यांचा खर्च फार होतो म्हणतात?

कुरडई

एक पैसा नाही झाला! रोमभर बिडाचे ठेंगणे नळ आहेत, नाझोनी, म्हणजे नाकाडे. वाकड्या नाकासारखी तोटी. असे अडीच हजारांच्या आसपास आहेत आणि पाणी चोवीस तास वाहतं, थंडगार. सासूबाईंचा जीव ते वाहतं पाणी बघून कासावीस. "अगं बंद कुठून करायचं?" बंद होतच नाही. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी येऊन दाखवलं. तोटीचं खालचं तोंड बोटाने दाबायचं की वरच्या बारक्या छिद्रातून कारंजं उडतं आणि तोंड लावून पिता येतं. सासऱ्यांनी नंतर प्रत्येक नळावर हा प्रयोग केला. शर्ट ओला, माणूस खूश.

हॉटेलात मात्र जेवताना पाणी विकतचंच. शिवाय बिलात कोपेर्तो दिसेल, माणशी दोन-तीन युरो. ती ना टिप ना फसवणूक, ती बसण्याची आकारणी आहे, मेनूवर लिहिलेली असते. वर टिप द्यायची सक्ती नाही. कॉफी उभ्याने प्यायली तर एक भाव, खुर्चीत बसलात तर दुसरा. आधी गल्ल्यावर पैसे देऊन चिठ्ठी घ्यायची आणि ती काउंटरवर दाखवायची, आपल्याकडच्या कूपनसारखं.

आणि 'लाते' मागू नका. लाते म्हणजे दूध. सासऱ्यांनी ऐटीत "लाते" मागितलं आणि गरम दुधाचा पेला समोर आला. आम्ही हसलो, त्यांनी मात्र तेरा दिवस रोज तेच मागितलं.

घाटावरची_मनी

आता अवघड प्रश्न, पण विचारतेच. बाथरूम?

मिलानोतला_मामा

मनीताई, याबाबतीत इटली म्हणजे युरोपातलं माहेर. इथे घरात किमान एका न्हाणीघरात बिडे असलाच पाहिजे असा १९७५चा नियम आहे. कमोडशेजारी ते दुसरं बुटकं भांडं दिसतं ना, नळवालं, ते तेच. बऱ्याच हॉटेलांतही असतं. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी त्यात पाय धुतले आणि "किती सोय केलीय" म्हणाले. मी काही बोललो नाही.

अर्धवटराव

😂😂 बुकिंग करताना आता आधी हेच बघणार.

एंजिनऑइल

गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, नुसता आपला चालत नाही. जुन्या गावांच्या तोंडाशी लाल गोल पाटी असते, झेडटीएल. त्या हद्दीत परवानगी नसलेल्या गाडीचा नंबर कॅमेरा टिपतो. अडवत कुणी नाही. घरी परतून चार-सहा महिने झाले, आठवणी फिक्या पडल्या की दंडाचा कागद येतो. मला फ्लॉरेन्सचे दोन आले, एकाच गल्लीचे. हॉटेलचा रस्ता चुकून दोनदा फिरलो होतो. भाड्याच्या गाडीवाल्यांनी माझा पत्ता पोलिसांना कळवल्याचे पैसे वेगळे कापले. हॉटेल हद्दीच्या आत असेल तर आधी विचारा, ते गाडीचा नंबर कळवून सूट मिळवून देतात.

टोलनाक्यावर पिवळ्या टेलेपास (आपल्या फास्टॅगसारखं) रांगेत शिरू नका. वेग हमरस्त्यावर १३०, गावात ५०.

सोनकेळ

तिकिटं आधी कशाकशाची काढायची? मला फार ठरवून फिरायला नको वाटतं.

कुरडई

@सोनकेळ, तीनच गोष्टी ठरवा, बाकी भटका. कोलोसियम: तिकिटं तीस दिवस आधी उघडतात, त्यावर नाव असतं, दारात पासपोर्ट बघतात. व्हॅटिकनची संग्रहालयं: रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडी, आणि त्या फुकटात अख्खं रोम येतं. मिलानमधलं लिओनार्दो दा विंचीचं 'शेवटचं भोजन' हे चित्र: आत फक्त पंधरा मिनिटं, ठरावीक माणसं, आणि तिकिटं महिने आधी संपतात. आम्हाला नाही मिळालं. फ्लॉरेन्सचं उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद.

चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. सासूबाईंच्या साडीला कुठे कुणी अडवलं नाही. हाफ पँट घातलेल्या त्यांच्या लेकाला एका दारातून परत पाठवलं. शेवटी सासूबाईंची शाल लुंगीसारखी गुंडाळून आत गेला.

व्हेनिसला एका दिवसासाठी जाणार असाल तर एप्रिल ते जुलैमधल्या काही ठरावीक दिवशी प्रवेशाचे पैसे लागतात. आधी भरले तर पाच युरो, शेवटच्या तीन दिवसांत दहा. मुक्काम करणाऱ्यांना माफ, मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या जमिनीवरच्या भागात, राहिलात तरी माफ, पण त्या माफीची नोंद ऑनलाईन करावी लागते. हॉटेलात माणशी-रात्री शहराचा कर वेगळा, बुकिंगच्या रकमेत तो बहुतेक नसतो.

गोरेगावचा_बाळू

थोडं अवांतर, पण या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. मी मुंबईच्या नाही, माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचा.

आमच्या तालुक्यातल्या पळसगावचे नाईक (हा फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडले. १० जुलै १९४४, वरच्या तिबेर नदीचं खोरं. पाचवी मराठा लाईट इन्फंट्री. त्यांच्या तुकडीवर जवळून मशिनगन सुरू झाली आणि ते सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे धावले. हातबॉम्ब टाकून बंदूक बंद पाडली, गोळ्या संपल्यावर भरायला वेळ नव्हता म्हणून दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. माणगावात त्यांचा पुतळा आहे, शाळेत असताना आम्ही त्याच्यासमोरून रोज जायचो आणि इटली कुठे आहे ते माहीत नव्हतं.

उंब्रियातल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक आहे. पेरुजा जिल्हा, उंबेर्तिदेच्या जवळ. थडगं कुठेच नाही, नाव कास्सिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनाही व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतच मिळाला, ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर, ते मात्र जगून परत आले. फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि दहन झालेल्यांचं स्मारक आहे.

कुणी रोम-फ्लॉरेन्स करणार असाल आणि हाताशी गाडी असेल तर मोंतोनेला तासभर थांबा. माझं जाणं कधी होईल सांगता येत नाही.

एंजिनऑइल

बाळूशेठ, मी त्या भागातून गेलो होतो आणि मला हे माहीतच नव्हतं. पुढच्या खेपेला नक्की. मोंतोने टेकडीवर आहे, गाडी खाली लावून चढावं लागतं, हे वयस्करांसाठी सांगून ठेवतो.

तिसरीघंटा

खिसेकापूंबद्दल कुणी लिहिलं नाही. तेरमिनी स्टेशन, मेट्रोची ए लाईन आणि ६४ नंबरची बस. मनगटावर दोरा बांधायला येतात, हात मागे घ्या. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांकडे देनुंचा, म्हणजे तक्रारीची प्रत घ्यायची, मग रोमला दूतावास किंवा मिलानला वाणिज्य दूतावास. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत. तातडीचा नंबर ११२. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखायचं.

घाटावरची_मनी

आईंना धागा वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या बाईंना तिथे काही आवडलं का ते विचार." तर विचारते.

कुरडई

@मनी, त्यांना सांगा, आवडलं. आणि तेही त्या दंडाच्या दिवशीच.

पिसाला उतरलो तेव्हा कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. मनोरा बघितला, वाकडा होता. परत येताना एका गल्लीत भट्टीचं दुकान, आणि भट्टीतून तांब्याची परातीएवढी मोठी थाळी बाहेर येत होती. वर पिवळंधमक, कडा करपलेल्या. चेचिना म्हणतात, जेनोव्हाकडे फारिनाता. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, संपलं. मी कार्ड पुढे केलं तर दुकानदाराने सगळ्या काटांवर मान डोलावली. सासूबाईंनी एक तुकडा मोडला, वास घेतला, खाल्ला, आणि म्हणाल्या, "अगं, हे तर धिरडं!"

मग पिशवीत हात घातला. कारळ्याची चटणी. मी "अहो आई, इथे नको" म्हणेपर्यंत तुकड्यावर पसरलीसुद्धा. दुकानदार बघत होता. त्याने बोट पुढे केलं, त्यांनी त्यावर चिमूटभर ठेवली. चाखली, डोळे पाणावले, खोकला, आणि मोठ्याने विचारलं, "कालाब्रेझे?" कालाब्रिया म्हणजे त्यांचं तिखट खाणाऱ्यांचं खालचं टोक, हे मला नंतर कळलं. सासूबाईंना वाटलं नाव विचारतोय.

"नाही हो," त्या म्हणाल्या, "कारळे."